विषय: चिंगीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, घरी काय तयारी करू?

प्रेषक: चिंगीची आई

नमस्कार मंडळी,

या यादीवर कुत्री-मांजरं पाळणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते. आमची चिंगी ३.५ किलोची पोमेरेनियन, वय ६ वर्षं. गेलं वर्षभर ती मधूनच डावा मागचा पाय उचलायची, चार पावलं लंगडी घालायची, मग पाय मागे ताणून झटकायची आणि पुन्हा पळायला लागायची. आम्हाला वाटलं, सवय असेल. आता गेले पंधरा दिवस ती पाय नीट टेकवतच नाही.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची वाटी आतल्या बाजूला सरकते. ग्रेड ३. म्हणजे वाटी बहुतेक वेळ जागेबाहेरच असते. हाताने ढकलली तर आत बसते, सोडली की परत सरकते. ऑपरेशन दोन आठवड्यांनी आहे. मांडीच्या हाडात वाटीसाठी जी खाच असते ती खोल करणार, आणि नडगीवरचा उंचवटा कापून, थोडा बाहेरच्या बाजूला सरकवून पिनांनी पक्का करणार, म्हणजे वाटीची ओढ सरळ रेषेत येईल.

एवढं समजलं. पण पुढे कागदावर फक्त ‘६ ते ८ आठवडे पूर्ण विश्रांती’ असं लिहिलंय, आणि तिथेच माझं धाबं दणाणलंय. चिंगी दिवसातून पन्नास वेळा सोफ्यावर चढते-उतरते. घरभर गुळगुळीत फरशी. आम्ही दोघं कामावर जातो. सध्या माझी आई आमच्याकडे आहे, पण तिला वाकून उचलता येत नाही. जे या सगळ्यातून गेले असतील त्यांनी कृपया सांगा, सुरुवात कुठून करू?

चिंगीची आई

---

प्रेषक: टिपूची आजी

अगं, सुरुवात आजच कर. ऑपरेशन डॉक्टर करणार, पण हे दोन आठवडे तुझ्या हातात आहेत आणि ते फार मोलाचे आहेत. आमच्या टिपूच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, दोन वर्षांच्या अंतराने. पहिल्या वेळी मी काहीच तयारी केली नव्हती. दुसऱ्या वेळी केली. दोन्ही वेळच्या हालांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

पहिलं काम म्हणजे पेन. घडीचं कुंपण मिळतं ते, किंवा मोठा क्रेट, म्हणजे पिंजरा. तिला उभं राहता, वळता आणि अंग ताणून झोपता आलं पाहिजे, पण धाव घेता येता कामा नये. चिंगी उड्या मारणारी आहे, तेव्हा वरून झाकता येईल असंच घे. आज ते घराच्या मधोमध मांड, जिथे तुम्ही बसता तिथे. जेवण आत, चघळायचं खेळणं आत, दुपारची झोप आत. सुरुवातीला दार उघडं, मग पाच मिनिटं बंद, मग अर्धा तास. दुखऱ्या पायाने, भूल उतरत असताना पहिल्यांदा कोंडलं तर ती घाबरून जाळीवर पाय मारत राहील. आधीपासून सवय असली तर ते तिचं घरकुल होतं. पुष्कळ जणांना कोंडणं क्रूरपणाचं वाटतं. मलाही वाटायचं. पण सांधत आलेल्या हाडाला तेवढाच आधार असतो.

दुसरं, गळ्यातला कोन, टाके चाटू नयेत म्हणून घालतात तो. तोही आताच घालून बघ. कोन घातल्यावर पाण्याच्या भांड्यापर्यंत तोंड पोचतं का, पेनच्या दारात अडकतं का, हे आधी कळलं पाहिजे. आमच्याकडे भांडं एका उलट्या डब्यावर ठेवावं लागलं. टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, कोन काढायचा नाही. ‘माझ्या डोळ्यांसमोर आहे ना’ म्हणून काढलात की दोन मिनिटांत टाका चाटून मोकळा करतात.

फरशीचं सांगते. मागून रबर लावलेल्या चटया आण आणि पेनपासून बाहेरच्या दारापर्यंत सलग रस्ता कर. मध्ये वीतभर जागा उघडी राहिली तरी तिथेच पाय सटकतो. टिपूचं तसंच झालं होतं, दोन चटयांमधल्या फटीत मागचा पाय बाजूला फाकला आणि तो तसाच बसून राहिला, कण्हलासुद्धा नाही. तेव्हापासून मी चटया एकावर एक चार बोटं चढवून ठेवते.

तळव्याच्या गाद्यांमधले केस कापून घे, नखं कापून घे. ते वाढलेले असले तर पकड राहत नाही. एक अंघोळही आताच घाल, कारण नंतर टाके निघेपर्यंत पाणी लागू द्यायचं नाही.

उचलायची पद्धत घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्या. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी, पाय लोंबकळता कामा नये. काखेत धरून उचलायचं नाही. आईंना वाकता येत नाही तर त्यांनी उचलायचंच नाही, हे आताच ठरवा. त्यांच्याकडे दुसरं काम द्या, औषधांची वही. शी-शूला नेताना पोटाखालून मऊ पंचा घालून मागचा भाग हलका धरायचा, पुढे छातीचा पट्टा. गळ्याचा पट्टा नको.

सोफ्याचं काय करायचं? आम्ही बसायच्या उशा काढून ठेवल्या आणि खुर्च्या आडव्या लावल्या. सहा आठवडे आम्हीच खाली बसलो.

टिपूची आजी

---

प्रेषक: मंडळातला एक सभासद

चिंगीच्या आई, मी प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करतो. काकूंनी घराचं सगळं सांगितलंच आहे. मी औषधांपुरतं लिहितो, कारण चुका तिथे होतात.

भूल द्यायच्या आधी रक्ताची तपासणी करून घ्या, यकृत आणि मूत्रपिंड औषधं झेपवतील का ते कळतं. आदल्या रात्री जेवण किती वाजता थांबवायचं हे डॉक्टरांना नेमकं विचारून लिहून ठेवा. एवढ्या लहान कुत्र्याला स्वतःच्या मनाने जास्त वेळ उपाशी ठेवू नका, त्यांची साखर पटकन उतरते. पाण्याचंही वेगळं विचारा.

घरी येताना बहुधा सूज-दुखणं कमी करणारं औषध मिळेल, कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅम. ते पोटात अन्न गेल्यावरच द्यायचं. मेलॉक्सिकॅम पातळ असेल तर पिचकारीवरच्या खुणा नीट बघा. काही पिचकाऱ्यांवर मिलिलिटर नसतात, कुत्र्याच्या वजनाचे किलो असतात. ३.५ किलोच्या जिवाला एका खुणेची चूकही महागात पडते. दवाखान्यातून निघण्यापूर्वी तिथल्या माणसासमोर एकदा औषध ओढून दाखवा आणि ‘हे बरोबर आहे ना?’ असं विचारा. आम्हाला अशा प्रश्नांचा कधीच कंटाळा येत नाही.

उलटी, जुलाब, काळी शी, किंवा जेवणाला तोंडच लावत नाही असं दिसलं तर पुढचा डोस देऊ नका, आधी फोन करा. चिंगी सध्या स्टेरॉइडवर असेल तर ते आजच सांगा, ही दोन्ही औषधं एकत्र चालत नाहीत.

गॅबापेंटिन, म्हणजे दुखण्यावरचं दुसरं औषध, दिलं तर ती झिंगल्यासारखी चालेल. पेनमध्ये असताना ते चालतं. पण ते माणसांच्या औषधाच्या दुकानातून पातळ स्वरूपात आणणार असाल तर त्यात झायलिटॉल (गोडीसाठी घालतात तो पदार्थ) नाही ना हे फार्मसिस्टकडून पक्कं करून घ्या. झायलिटॉल कुत्र्यांना विषारी आहे, त्याने साखर एकदम कोसळते. आणि आपल्या घरातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल वगैरे दुखण्याची गोळी, तुकडाभरसुद्धा, कधीही देऊ नका. आईंना हे नीट समजावून सांगा, कारण कण्हणारं पिल्लू बघून घरातल्या वडीलधाऱ्यांनाच आधी कळवळा येतो.

---

प्रेषक: चिंगीची आई

काकू, दादा, मनापासून आभार. परवा ऑपरेशन झालं, काल संध्याकाळी चिंगीला घरी आणलं.

रात्र फार वाईट गेली. ती सलग तीन तास एकाच सुरात कण्हत होती. डोळे उघडे, पण आमच्याकडे बघत नव्हती. मी पेनशेजारी खालीच गादी घातली आणि जाळीतून बोटं आत ठेवून पडून राहिले. पहाटे तिने हनुवटी बोटांवर टेकवली आणि झोपली.

आज शू केली, शी नाही. भादरलेल्या पायावर निळं-जांभळं दिसतंय आणि घोट्याजवळ सूज उतरली आहे. पाय टेकवत नाही. हे ठीक आहे का?

चिंगीची आई

---

प्रेषक: मंडळातला एक सभासद

ताई, कण्हणं पुष्कळदा भूल आणि कडक वेदनाशामक उतरतानाचं असतं. आज रात्री तसंच झालं तर मात्र दुखत असेल असं धरा आणि फोन करा. दोन-तीन दिवस शी न होणं नेहमीचं आहे, पोट रिकामं होतं आणि औषधांनी आतडी मंदावतात. गुडघ्याची सूज वजनाने खाली घोट्याकडे उतरते, निळेपणाही तसाच पसरतो.

पहिले २-३ दिवस, डॉक्टरांची ना नसेल तर, बर्फाची पिशवी पातळ कापडात गुंडाळून १० मिनिटं, दिवसातून तीनदा. रोज टाक्यांचा फोटो काढा, त्याच उजेडात, त्याच बाजूने. आजचा आणि कालचा शेजारी ठेवले की फरक कळतो. लाली वाढत गेली, पू किंवा वास आला, कड उघडली, तर लगेच दवाखाना. पाय टेकवायला घाई नाही. बहुतेक जण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बोटं टेकवायला लागतात. आधी टेकवत होती आणि एकदम टेकवेनाशी झाली, तर मात्र दाखवा.

---

प्रेषक: टिपूची आजी

चिंगीच्या आई, टाके निघाले, ती चारही पायांवर चालते, हे वाचून डोळे भरून आले. आणि म्हणूनच आज लिहायला बसले.

टिपूच्या पहिल्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. तो इतका छान चालत होता की मला पेनची दया यायला लागली. एका संध्याकाळी मी त्याला सोफ्यावर मांडीत घेऊन बसले. दाराची घंटा वाजली. तो भुंकत मांडीवरून खाली झेपावला आणि एकच किंकाळी आली. एक्स-रेमध्ये पिन वाकलेली आणि सरकवलेला हाडाचा तुकडा वर खेचला गेलेला दिसला. त्याला पुन्हा भूल, पुन्हा टाके, आणि विश्रांतीचे दिवस पहिल्यापासून मोजायचे. माझी दया त्याच्या पायावर पडली, हे मी अजून विसरलेले नाही.

कातडी दोन आठवड्यांत सांधते, हाडाला ६ ते ८ आठवडे लागतात. मधल्या महिन्यात कुत्र्याला दुखत नसतं आणि हाड तर कच्चंच असतं. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ती तुझ्याकडे काकुळतीने बघेल तेव्हा, पेनचं दार उघडू नकोस. घंटा बंद कर, दारावर चिठ्ठी लाव. मांडीवर घ्यायचंच तर जमिनीवर बसून, पट्टा हातात धरून.

तिचं डोकं मात्र रिकामं ठेवू नकोस. रोजचं जेवण एका वाटीत देऊ नकोस, चाटायच्या खडबडीत चटईवर फासून दे, घडी घातलेल्या पंचात लपवून हुंगून शोधू दे. वीस मिनिटं हुंगून ती दमते. आणि हालचाल नाही तर खाणंही कमी, किती ते डॉक्टरांना विचार. दर आठवड्याला वजन कर. एवढ्याशा गुडघ्यावर पाव किलोसुद्धा भार असतो.

टिपूची आजी

---

प्रेषक: चिंगीची आई

मंडळी,

काल आठ आठवडे पूर्ण झाले. एक्स-रे काढला, हाड सांधलंय, पिना जागेवर आहेत, वाटी खाचेत सरळ बसलीय. काकू, चौथ्या आठवड्यात ती जाळीला नाक लावून रडायची तेव्हा रोज तुमचं पत्र वाचायचे. दार उघडलं नाही.

आईने औषधांची वही एकही खाडाखोड न करता भरली. डॉक्टरांनी ती मागून घेऊन पाहिली. पाय टेकवायला लागल्यावर त्यांच्या परवानगीने चालणं सुरू केलं, पट्ट्यावर, ५ मिनिटं, दिवसातून तीनदा, मग दर आठवड्याला थोडं वाढवत गेलो. हळू चालवायचं हेच सगळ्यात अवघड गेलं. जोरात चालली की ती दुखरा पाय उचलून तीन पायांवर पळते. अगदी सावकाश चाललं तरच चारही पाय टेकवते. मांडी अजून दुसऱ्या बाजूपेक्षा बारीक आहे, दोन्ही हातांत धरली की कळते. ती भरायला आणखी महिने लागतील. जिने आणि उड्या एवढ्यात नाहीतच.

उजव्या गुडघ्याची वाटीही थोडी सैल आहे, ग्रेड १. सध्या काही करायचं नाही, वजन ताब्यात ठेवायचं आणि लक्ष ठेवायचं. लहान जातींत दोन्ही गुडघे असे असणं नेहमीचंच आहे म्हणाले. कुणाचं कुत्रं चालता चालता मध्येच चार पावलं लंगडी घालत असेल तर आमच्यासारखं वर्षभर थांबू नका, दाखवून घ्या.

पेन, रबरी चटया आणि कोन धुऊन, वाळवून ठेवलेत. कुणाला लागले तर मला उलट टपाली कळवा, आणून देईन.

चिंगीची आई