प्रभुभोजनाच्या मेजावर मोबाईल चार्जिंगला, आणि म्हणे परूशी आम्ही!

सतरंजीवाला (धागाकर्ता)
परवा इथे एका तरुण बंधूंनी लिहिलं: "मेजावर फोन चार्जिंगला लावला, चपला घालून आत आलो म्हणून देव चिडतो काय? येशूने प्राण सोडला आणि यरुशलेमच्या मंदिरात देवाच्या जागेपुढचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला तेव्हाच सोवळंओवळं संपलं. ओरडणारे सगळे परूशी, नियमांचं अवडंबर माजवणारे." खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आज उपासनेहून आलो आणि राहवलं नाही.

पडदा फाटला, मान्य. पण तो आत जायला फाटला, आत पथारी पसरायला नव्हे. बायबलातल्या इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात धैर्याने जवळ या म्हटलंय, तेवढं बरं वाचलंत. त्याच पत्राच्या बाराव्यात आदराने आणि भयाने सेवा करा, आपला देव भस्म करणारा अग्नी आहे, असंही लिहिलंय. तिथवर पोचेस्तोवर बॅटरी उतरली काय?

आमचे वडील प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या, आदल्या शनिवारी चुलत्याकडे जायचे. बांधावरून भांडण होतं. मिटलं तर रविवारी प्याला घ्यायचे. एका वर्षी काही केल्या मिटेना, तर सलग आठ महिने घेतला नाही. ताट समोर आलं की मान खाली घालून पुढच्याकडे सरकवायचे. मला लहानपणी त्याची लाज वाटायची. आता शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात, तेव्हा ते आठवतात.

रविवारचा गिटारवाला
प्रभूत सलाम. ती पोस्ट माझी, फोनही माझाच. गाण्यांचे शब्द त्याच फोनवरून पडद्यावर जातात, ते वाचूनच तुम्ही गाता काका. पुढच्या बाजूला प्लगचा पॉईंट एकच आहे, मेजामागे. फोन काय डोक्यावर ठेवू?
आणि आदर म्हणजे सुतकी चेहरा का? दावीद राजा कोशापुढे, देवाच्या कराराच्या पवित्र पेटीपुढे, सगळं बळ लावून नाचला. त्याला नावं ठेवणारी त्याची बायको मीखल आठवते ना?

जुनं खोड
मीखल आठवते. त्याच अध्यायात, २ शमुवेल ६, उज्जाही आहे. बैल अडखळले म्हणून कोश सावरायला हात लावला आणि जागच्या जागी मेला. हेतू चांगलाच होता बिचाऱ्याचा. तुम्ही लोक अध्याय अर्धा वाचता आणि नाचायला लागता.

लेक नगरची
उज्जाचा दाखला दिलात, आता माझंही ऐका. माझ्या आजीला गावातल्या देवळाच्या पायरीशीसुद्धा उभं राहू देत नसत. इथून लांब हो, सावली पडेल, शिवू नको. मिशनच्या मंदिरात ती पहिल्यांदा आत गेली आणि पार पुढे जाऊन बसली. मरेपर्यंत एकच सांगायची, "मी बसले, आन् शेजारचं कुणी उठून गेलं नाही." ख्रिस्ती होणं म्हणजे तिच्या लेखी एवढंच होतं. म्हणून 'इथे पाय नको, याला हात नको' कुणी म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. या जिल्ह्यातल्या आपल्या निम्म्याहून जास्त घरांत अशी आजी असेल. आपण बोलत नाही एवढंच.
आणि अयोग्य रीतीने भाकर खाऊ नका असं प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, ते कशावरून? पैसेवाले आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे म्हणून. फोन-चपलांवरून नाही. आमच्याकडे पहिले दोन बाक कुणासाठी राखलेले असतात, सांगू का सगळ्यांसमोर?

सतरंजीवाला
ताई, बाकांचं शंभर टक्के खरं. पण एक विचारतो. तुमच्या आजी पायताण कुठे काढायच्या?

लेक नगरची
दाराबाहेर. मानाने काढायची की जुन्या भीतीने, हे विचारायला ती आता नाही.

वसईचा कुपारी
आम्ही कॅथलिक, तरी मध्ये तोंड घालतो, कारण पायताणांवर आमची पीएचडी आहे. १९६९ साली रोमने भारतासाठी बारा मुद्दे मान्य केले: पादत्राणं काढणं, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, समई, आरती. त्यावरून आमच्या घरात दोन तट पडले. आजोबांना ते सगळं हिंदूकरण वाटायचं. काका म्हणाले, "बूट लग्नासाठी शिवलेत, काढणार नाही." आता करोनानंतर नवं सुरू झालंय, प्रसाद हातात घ्यायचा की जिभेवर. आई अजून जिभेवरच घेते. तिला परूशी म्हणणारा आमच्या दारात येऊन दाखवावा.

जुनं खोड
चपला मुळात बाकांमुळे आल्या. सतरंजी होती तोवर कुणाची छाती होती बूट घालून यायची?

पुण्यातला नगरी
म्हणजे गोऱ्यांचे बाक चालतात, त्यांचे बूट चालत नाहीत. आणि देवाने जळत्या झुडपातून सांगितल्यावर मोशेने काय सतरंजी बघून जोडे काढले होते?

रविवारचा गिटारवाला
हेच तर! तुमची पेटी पण विलायतेहूनच आली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांची भजनं त्यांच्या काळी नवीच होती. आज ती परंपरा, आणि आम्ही धिंगाणा.

सतरंजीवाला
गिटारीला मी कधी नको म्हटलं? पाळकसाहेब प्रार्थना करताना मागे कीबोर्ड टुंगटुंग चालू असतो, त्याचं बोला. दोन मिनिटं शांत बसलात तर मराल काय?

रविवारचा गिटारवाला
'मराल' मागे घ्या.

जुनं खोड
उज्जाच्या संदर्भात असावं ते.

रविवारचा गिटारवाला
हसा. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती झाली, तेव्हा पोरीबाया मोठमोठ्याने रडत होत्या, सगळ्या एकदम प्रार्थना करत होत्या. कुठे होती तुमची शांतता?

सतरंजीवाला
त्या आपल्या पापांसाठी रडत होत्या. तुम्ही कशासाठी ओरडता, साउंड चेकसाठी?

संपादक
'ढोंगी' आणि 'बाटगे' हे शब्द असलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. लिहिणाऱ्यांना कळलं असेल.

लेक नगरची
एक कबूल करते, मनाविरुद्ध. काकांच्या वडिलांची गोष्ट डोक्यातून जात नाही. ताट सरकवणारा माणूस मी आमच्या मंडळीत आजवर पाहिला नाही. ते भय वेगळं, ते कुणाला बाहेर काढत नव्हतं. स्वतःलाच थांबवत होतं. पण त्याचा चार्जरशी काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही.

सतरंजीवाला
चुलत्याकडे जायला अंगात जे लागतं ना ताई, ते मेजापुढे उभं राहून येतं. तिथे वायरी लोंबत असल्या की ते मेज इस्त्रीचं टेबल वाटायला लागतं. याहून चांगलं मला सांगता येत नाही.

रविवारचा गिटारवाला
ठीक. फोन काढतो. चपला काढणार नाही. पण पॉईंटचं काय? मंडळीच्या पंचांकडे तीनदा अर्ज दिलाय. पहिल्या दोन बाकांवरचेच पंच.

सतरंजीवाला
पाच मीटरचा बोर्ड घरी पडून आहे, रविवारी आणतो. वायर भिंतीकडेने न्या, मधून नको, म्हाताऱ्या माणसांचे पाय अडकतात.

जुनं खोड
अनवाणी पाय.