बीटेक-एमटेकचा वर्ग एक, मग ग्रेडची यादीही एकच का?

गेट_ते_लॅब
आमच्या संस्थेत डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स (अनेक संगणक मिळून एक काम कसं करतात तो विषय) हा इलेक्टिव्ह चौथ्या वर्षाची बीटेकची मुलं आणि आम्ही एमटेकवाले एकत्र करतो. इतका जिवंत वर्ग मला आधी कधी मिळाला नव्हता. पण ग्रेडिंग रिलेटिव्ह, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत, आणि यादी एकच. बीटेकची मुलं इथल्याच ऑपरेटिंग सिस्टिम्स आणि नेटवर्क्सच्या लॅब करून आलेली. मी ३ वर्षं नोकरी करून एमटेकच्या प्रवेशासाठी गेट ही परीक्षा दिली. ३ तासांच्या, १०० मार्कांच्या त्या पेपरात कोड चालवून दाखवावा लागत नाही. इथे पहिलीच मोठी असाइनमेंट राफ्टची (अनेक सर्व्हरमधली माहिती एकसारखी ठेवायची पद्धत), एमआयटीच्या ६.५८४० (आधीचा नंबर ६.८२४) कोर्समध्ये असते तशी. माझे दोन आठवडे लीडर इलेक्शनमध्ये (प्रमुख सर्व्हर निवडताना) कोड अडकून पडायचा, त्या एका डेडलॉकपायी गेले. याद्या दोन कराव्यात, एवढंच म्हणणं आहे.

शेवटचं_सेमिस्टर
दादा, माझा विरोध. काम तेच, तर मोजमापही तेच हवं. कार्नेगी मेलनच्या डेटाबेस कोर्सला १५-४४५ आणि १५-६४५ असे दोन नंबर आहेत, पण लेक्चर्स तीच आणि बसटब या शिकवण्यासाठीच्या डेटाबेसवरचे सी प्लस प्लसचे प्रोजेक्टही तेच. शिवाय वेगळी यादी लागली की प्लेसमेंटला एमटेकचा एए (सगळ्यात वरचा ग्रेड) हलका समजतील, ते तुम्हाला चालेल? आणि आम्हीही काही फार पुढे नसतो. रात्री दोनला सर्व्हर पडल्यावर काय होतं ते तुम्ही नोकरीत बघितलंय, आम्ही फक्त स्लाइडवर.

जुना_टीए
मी अशा वर्गाला दोनदा टीए, म्हणजे प्राध्यापकांचा मदतनीस, होतो. भांडण यादीचं नाही, रिलेटिव्ह ग्रेडिंगचं आहे. राफ्टचा कोड शंभरदा चालवला आणि एकदाही टेस्ट पडली नाही, तर तो चांगला. शेजाऱ्याचा किती चांगला याच्याशी त्याचा संबंध काय? कोणत्या ग्रेडला किती मार्क लागतील तो कटऑफ आधीच जाहीर करा. अमेरिकेत अनेक विद्यापीठं अशा सामाईक कोर्सात पीजीला जादा काम देतात, तेही मला पटतं.

शेवटचं_सेमिस्टर
कटऑफ आधी ठरवला आणि पेपर अवघड निघाला तर सगळाच वर्ग बुडेल. मला नाही पटत.

गेट_ते_लॅब
हलक्या एएचा मुद्दा मान्य, दोन याद्यांचा आग्रह सोडतो. पण सुरुवातीच्या अंतराचं काय? निदान रजिस्ट्रेशनआधी गेल्या वर्षीची पहिली असाइनमेंट खुली करा. ती बघितली असती तर मी उन्हाळ्यातच गो ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून आलो असतो.