मदत हवी आहे : आयपी पत्त्यावरून वापरकर्त्याचे ठिकाण चुकीचे येते

पाऊलवाट :
आमच्या हवामानविषयक संकेतस्थळावर वापरकर्त्याच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) त्याच्या गावाचे हवामान आपोआप दाखवायचे आहे. परंतु पत्त्यावरून ठिकाण सांगणारा डेटाबेस शेकडो लोकांना एकाच ठिकाणी दाखवतो आणि नकाशावर पाहिले तर तिथे वस्तीच नाही. काम उद्या द्यायचे आहे. अचूक डेटाबेस कोणता, एवढेच कृपया सांगावे.

सांधेकरी :
या सर्वांचे पत्ते वेगवेगळे आहेत, की सर्व्हरच्या नोंदींत (लॉगमध्ये) एकच पत्ता पुन्हा पुन्हा येतो? एकच असेल, तर तो तुमच्या सर्व्हरपुढच्या प्रॉक्सीचा, म्हणजे सर्वांच्या विनंत्या पुढे पाठवणाऱ्या मध्यस्थ यंत्राचा, असावा. मग डेटाबेस बदलून काहीही साधणार नाही.

तारयंत्र :
डेटाबेसच्या नादी न लागता पिंग, म्हणजे संदेश वापरकर्त्यापर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मोजावे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागले, तर वापरकर्ता १,००० किलोमीटरच्या आतच असतो.

सांधेकरी :
एवढ्या वर्तुळातल्या कोणत्या गावाचे हवामान दाखवायचे? शिवाय अनेक राउटर पिंगला उत्तरच देत नाहीत.

नोंदवही :
ठिकाण लपवायचे असेल, तर व्हीपीएन वापरावे.

पाऊलवाट :
लपवायचे नाही, शोधायचे आहे! पत्ते वेगवेगळे आहेत, बहुतेक मोबाइलवरचे. अक्षांश-रेखांश मात्र तंतोतंत सारखे आहेत.

सांधेकरी :
मग उलगडा झाला. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे ठेवतात, त्यामुळे शहर ठरवता येत नाही, आणि तेव्हा अनेक डेटाबेस देशाचा मध्यबिंदू देऊन मोकळे होतात. असा डेटाबेस पुरवणाऱ्या मॅक्समाइंड कंपनीने अमेरिकेसाठी असा बिंदू ३८ उत्तर, ९७ पश्चिम असा धरला होता. तो कॅन्सस राज्यातील एका शेतघराजवळ पडल्याने तिथल्या निरपराध रहिवाशांच्या दारात वर्षानुवर्षे पोलीस येत राहिले, आणि २०१६ मध्ये हे उजेडात आल्यावर तो बिंदू एका तलावात हलवण्यात आला. म्हणून अक्षांश-रेखांशाआधी अचूकतेच्या त्रिज्येचा रकाना, म्हणजे त्या बिंदूपासून वापरकर्ता किती अंतरात असू शकतो तो आकडा, वाचावा.

पाऊलवाट :
या सर्व नोंदींत त्रिज्या १,००० किलोमीटर आहे आणि शहराचा रकाना रिकामा आहे. अशांना शहर निवडायला सांगतो. ब्राउझरकडे ठिकाणाची परवानगी पान उघडताच मागावी काय?

तारयंत्र :
नको. ‘माझे ठिकाण वापरा’ असे बटण द्यावे आणि ते दाबल्यावरच परवानगी मागावी. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर (सुरक्षित, सांकेतिक जोडणीवर) आहे ना? नसेल, तर ब्राउझर ठिकाण देणारच नाही.