जुन्या मालिकांची गाणी ओळखणं म्हणजे नुसता वयाचा दाखला?

तिरपागडा
परवा एका महाशयांनी लिहिलं : 'मित्रांनी ऑनलाइन जमून जुन्या मालिकांची गाणी ओळखायची, म्हणजे चाळिशी उलटलेल्यांनी एकमेकांना दिलेले वयाचे दाखले. शिवाय फोन पाच सेकंदांत उत्तर सांगतो, मग डोकं कशाला शिणवायचं?' दोन ओळींत भागणारं नाही, म्हणून हा धागा.

आधी फोनचं. गाणं ओळखणारं शझाम अ‍ॅप मूळ ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवून बघतं. तेच गाणं मी माझ्या घशातून काढलं की ठसा गेला. म्हणून आमच्यात क्लिप लावायला बंदी आहे. शब्द न उच्चारता गुणगुणायचं, बस. एल. वैद्यनाथन यांची 'मालगुडी डेज'ची 'ताना ना' कुणालाही जमते, ती मुळातच तोंडाने म्हणायची आहे. आता 'सुरभि' गुणगुणून दाखवा! एल. सुब्रमण्यम यांचं व्हायोलिन तोंडाने काढता काढता माणूस जिथे आपटतो, नेमकं तिथेच कुणीतरी 'कळलं, कळलं' म्हणून ओरडतं. मजा त्या आपटण्यात आहे, पाठांतरात नाही.

आणि वय? 1993 साली 'जंगल बुक' लागायचं तेव्हा माझा भाचा जन्मलाही नव्हता. 'जंगल जंगल बात चली है'चे शब्द गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचं, हे तो आमच्याआधी सांगतो. त्याला कुठला दाखला द्यायचा?

शेवटचा बाक
परवाचा महाशय मीच. गूगल 2020 पासून गुणगुणलेलंही ओळखतं, तेव्हा तुमचा अर्धा लेख बाद. उरलेल्या अर्ध्यात भाचा आहे, त्याने यूट्यूबवर रट्टा मारलाय. त्याला आठवण म्हणत नाहीत.

तिरपागडा
आमच्या एका मेंबरचं गुणगुणणं आधी त्याच्या बायकोला ओळखू दे. गूगलचं नंतर बघू.

कोमल निषाद
तुम्ही दोघं भलत्याच गोष्टीवर भांडताय. ऑनलाइन खेळात आधी कोण बोललं हेच कळत नाही. प्रत्येकाच्या लाइनचा विलंब वेगळा, त्यात ब्लूटूथ इयरफोन लावला की आणखी उशीर. प्रश्न काढणाऱ्याच्या कानावर ज्याचा आवाज आधी पडला तो जिंकला. आमच्यात एकाचं नेट सगळ्यात झकास आहे आणि तो स्वतःला संगीतातला जाणकार समजतो.

वर ते नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट गाळणं. अ‍ॅपला बोलणं तेवढं कळतं, लांबवलेला सूर त्याला पंख्याची घरघर वाटतो. मी सूर धरला की पलीकडे शांतता. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. आणि उत्तर ओरडायचं नाही : सगळ्यांनी चॅटमध्ये टाइप करून थांबायचं, 'पाठवा' म्हटल्यावरच पाठवायचं. आमच्याकडे हे सुरू केल्यापासून ते 'जाणकार' येईनासे झालेत.

अँटेना
नियमांचा विषय निघालाच आहे तर माझ्यावर झालेला अन्याय ऐका. मागच्या खेळात कुणीतरी दूरदर्शनची धून गुणगुणली. मी टाइप केलं 'सारे जहाँ से अच्छा'. भोपळा! अहो, सुरुवातीचे सूर ऐका ना. दोन्हीकडे पंडित रविशंकरच आहेत. अर्धा गुण द्यायला काय जात होतं?

शेवटचा बाक
उद्या आकाशवाणीची धूनही रविशंकरांच्या नावावर कराल.

अँटेना
ती वॉल्टर कॉफमन यांची, 1936ची, शिवरंजनी रागातली. मला शिकवू नका.

कोमल निषाद
'सारे जहाँ'ला आजची चाल पंडितजींनी इप्टा या नाट्यसंघात असताना दिली, 1945 साली. दूरदर्शनची धून आली 1976 मध्ये आणि त्यात शहनाईचे उस्ताद अली अहमद हुसेन खाँही होते, त्यांचं नाव कुणी घेत नाही. साम्य आहे, नाही कोण म्हणतंय? पण 'ही धून कशाची' असं विचारल्यावर तिच्या नातेवाइकाचं नाव सांगून गुण मिळत नाहीत.

अँटेना
म्हणजे साम्य मान्य, गुण अमान्य. कमाल आहे. परीक्षक तुमचेच मित्र होते वाटतं?

कोमल निषाद
वैयक्तिक होऊ नका.

जुनी कॅसेट
अर्ध्या गुणावरून एवढा दंगा, आणि संगीतकार विचारला की सगळे गप्प. 'आभाळमाया' म्हटल्यावर लोक पात्रांची यादी देतात. शब्द मंगेश कुलकर्णींचे, चाल अशोक पत्कींची, आवाज देवकी पंडित यांचा, हे किती जण सांगतील? 'गोट्या'चं 'बीज अंकुरे अंकुरे' पत्कींचंच, 'पूरब से सूर्य उगा'सुद्धा त्यांचंच. पॉपच्या फेरीत हीच रड : 1995चं 'मेड इन इंडिया' म्हटलं की अलिशा चिनॉय, आणि बिद्दू कोण ते माहीत नाही! आणि आता शीर्षकगीत सुरू झालं की लोक 'स्किप इंट्रो' दाबतात. वीस वर्षांनी गुणगुणणार काय, कपाळ?

झोपाळू
आमच्या घरी टीव्ही नव्हता. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा होता, त्यामुळे आवाज यायचा, चित्र नाही. 'व्योमकेश बक्षी'ची आनंद शंकर यांची धून मला आजही अख्खी गुणगुणता येते, पण ती व्योमकेशची हे कळलं नोकरीला लागल्यावर. 'भारत एक खोज'चं नासदीय सूक्त कानावर आलं की मला वाटायचं शेजाऱ्यांकडे पूजा आहे. आता तुमच्या खेळात मालिकेचं नाव विचारतात आणि मी शून्यावर बाद होते. सूर मला येतात, नावं येत नाहीत. माझ्यासारख्यांना गुणगुणण्याचे वेगळे गुण ठेवा.

शेवटचा बाक
हे मात्र पटलं. भिंतीपलीकडून ऐकलेलं असेल तर वयाचा दाखला म्हणणार नाही, शेजाऱ्यांचा दाखला म्हणेन. चला, खेळ थोर आहे, भाचा थोर आहे, पत्की तर थोर आहेतच. शनिवारी बोलवा, बघू.

तिरपागडा
या. फोन पालथा ठेवून बसायचं. आणि प्रश्न झोपाळूताई काढणार.

अँटेना
माझ्या अर्ध्या गुणाचं काय ठरलं?

कोमल निषाद
पाव देते. विषय संपवा.

अँटेना
पाव तुमच्या मित्राला द्या.