मॉरिशस : क्वाड बाईक आणि पोहणे एकाच दिवशी जमेल का?

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही दोघे बारा वर्षांच्या मुलीसह मॉरिशसला जाणार असून मुक्काम पश्चिम किनाऱ्यावरील फ्लिक आँ फ्लाक येथे आहे. नैऋत्येकडील डोंगराळ शामारेलच्या परिसरात वाटाड्यासोबत क्वाड बाईक (खडबडीत वाटांवर चालणारी चारचाकी मोटारसायकल) चालवून त्याच दिवशी पोहताही यावे, अशी इच्छा आहे. आम्ही दोघांनीही क्वाड बाईक कधी चालवलेली नाही. क्रम कसा ठेवावा आणि पोहण्यासाठी कोणती जागा निवडावी?

पहिले उत्तर : सकाळी क्वाड आणि दुपारी समुद्र हाच क्रम ठेवावा, कारण जुलैमध्ये तिथे हिवाळा असतो, सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि ओल्या कपड्यांनी डोंगरातल्या वाऱ्यात बसणे मुलीला त्रासाचे होईल. पोहण्यासाठी मात्र तुमच्या मुक्कामाचाच किनारा उत्तम आहे. या ऋतूत आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे दक्षिण आणि पूर्व किनारे खवळलेले असतात, तर पश्चिम बाजू डोंगरांच्या आडोशाला राहते. शिवाय तिथे प्रवाळभित्ती लाटा बाहेरच अडवते. दक्षिणेला सुयाकजवळच्या ग्री-ग्री येथे असे संरक्षण नाही, म्हणून तिथे केवळ दृश्य पाहावे, पाण्यात उतरू नये. पायांत रबरी बूट अवश्य घाला, कारण उथळ पाण्यातल्या खडकांत समुद्री अर्चिन (काटेरी गोळ्यांसारखे प्राणी) असतात आणि विषारी काट्यांचा स्टोनफिश मासाही दगडासारखाच दिसतो.

दुसरे उत्तर : क्वाडबद्दल थोडे लिहितो, कारण चार चाके पाहून लोक निर्धास्त होतात आणि ती मला खरोखर काळजीची गोष्ट वाटते. अनेक क्वाडची मागची दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात, त्यामुळे गाडी वळताना सरळ जाऊ पाहते; वळणाच्या आतल्या बाजूला शरीर झुकवावे लागते, नाहीतर उतारावर ती कलंडू शकते. गाडी तिरपी झाल्यावर तोल सावरण्यासाठी पाय जमिनीवर टेकवणे ही दुचाकीची सवय आहे, पण इथे तो पाय मागच्या चाकाखाली सापडतो. थ्रॉटल (वेग वाढवण्याची कळ) अंगठ्याने दाबायचा असतो, त्यामुळे सुरुवातीला मोकळ्या जागेत सराव करून घेण्याचा आग्रह धरा. मुलीला मागे बसवण्यापूर्वी ती गाडी दोघांसाठी बनवलेली आहे का आणि तिच्या मापाचे हेल्मेट आहे का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारा. प्रवास विम्यात अशा वाहनांचा अपघात बऱ्याचदा वगळलेला असतो. ते कलम आधी वाचावे.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. वाटेत धबधब्याखाली पोहता येईल, असेही कोणी सुचवले आहे.

पहिले उत्तर देणारे : वरच्या पठारावर पाऊस झाला असल्यास खाली पाऊस नसतानाही नदीचे पाणी अचानक वाढते, म्हणून त्या दिवशीचा निर्णय स्थानिक वाटाड्यावर सोडावा. शामारेलचा धबधबा तर वरच्या सज्ज्यातूनच पाहावा.