मदत हवी आहे : पावसाळी नमुन्यांचा पीसीआर होत नाहीये

रत्नागिरीच्या भाट्ये खाडीच्या मुखाशी दर महिन्याला पाणी घेऊन त्यातले जिवाणू ऋतूनुसार कसे बदलतात ते बघतेय. मेपर्यंत सगळं सुरळीत होतं: लिटरभर पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून, मग डीएनए, मग १६एसचा (जिवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकाचा) पीसीआर, म्हणजे त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. जूनपासून अडलंय. पाणी दुधाच्या चहासारखं, २०० मिलीलाच फिल्टर तुंबतो, डीएनए पिवळसर निघतो आणि जेलवर बँडच नाही, म्हणजे प्रती तयारच होत नाहीत.

कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणाऱ्या ह्युमिक आम्लांचाच अडथळा असणार, कारण मेचा चांगला डीएनए त्यात मिसळला तरी तोही वाढत नाही. १० पट विरळ करून आणि बीएसए (अडथळा आणणारी द्रव्यं बांधून ठेवणारं प्रथिन) घालून पाहिलं; जुलैचा फिकट बँड आला, ऑगस्टचा नाही. प्रायमर (प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) नवे आहेत, म्हणजे दोष त्यांचा नसावा. उणे ८० अंशांवर प्रत्येक महिन्याचे दोनच फिल्टर उरलेत आणि डीएनए साफ करायचं महागडं किट परवडणारं नाही.

आधी ३ मायक्रॉनमधून गाळून घे, असं एकांनी सुचवलं. पण मग गाळाच्या कणांना चिकटलेले जिवाणूच निसटतील, आणि पावसाळ्यात मला तेच तर हवेत!

अशा गढूळ पाण्याचा डीएनए पीव्हीपीपीने (ह्युमिक आम्लं धरून ठेवणारी, पाण्यात न विरघळणारी पूड) धुऊन कुणाला साफ मिळालाय का? आणि उन्हाळ्याचे नमुने लिटरचे, पावसाळ्याचे २०० मिलीचे, अशी तुलना ग्राह्य धरतात का?