पोसायडन म्हणजे महादेव नव्हे

करवीरवाचक :
काल येथे एका सदस्यांनी लिहिले की, आपल्या कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातील पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती म्हणजे ग्रीकांनी महादेवाची नक्कल केल्याचा पुरावा आहे आणि ग्रीकांचा झ्यूस, उत्तर युरोपातला थॉर हे विजेचे देव म्हणजे इंद्राचेच वेषांतर आहे. हे वाचून गप्प बसवत नाही. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेली ती मूर्ती भूमध्यसागरी घडणीची असून, सातवाहनकाळातील व्यापाराबरोबर ती पंचगंगेकाठी पोहोचली. पोसायडनचा त्रिशूळ समुद्र खवळवतो आणि भूकंप घडवतो. महादेवाचा समुद्राशी संबंध आलाच तर हलाहलापुरता. उलटा प्रवासही झाला आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पॉम्पेईत १९३८ साली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, तिला लक्ष्मी समजले गेले आणि तिच्याशी जुळणारी मूर्ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेरलाही मिळाली. म्हणून रोमन लोक घरोघरी लक्ष्मीपूजन करीत होते, असे म्हणायचे काय?

ब्रह्मपुरीकर :
ते सदस्य मीच. समुद्रातून जन्मलेला आणि महादेवाशी लढलेला असुर जालंधर आपण सोयीस्करपणे विसरलात. इंद्र वृत्राला मारतो, झ्यूस टायफॉन राक्षसाला लोळवतो, थॉर महासर्पाशी झुंजतो; तिन्ही ठिकाणी वीज हेच शस्त्र किंवा वीज हीच ओळख, हा योगायोग म्हणायचा? शिवाय विदिशेजवळ वासुदेवाचा गरुडस्तंभ उभारणारा राजदूत हेलिओडोरस ग्रीकच होता.

करवीरवाचक :
जालंधराबद्दल अभिनंदन, त्याने पोसायडन मात्र सिद्ध होत नाही. वीज धारण करणाऱ्या देवांत नाते असेलही, पण ते चुलतभावांचे; आपण थेट बापलेकाचे लावून मोकळे झालात. आणि हेलिओडोरसाने वासुदेवाची भक्ती केली, झ्यूस म्हणजेच वासुदेव असे काही कोरून ठेवले नाही.

टेंबलाईवाडी :
गरुडाचा विषय निघालाच आहे, तर ग्रीस राहू द्या, आधी घरातले पाहा. अंबाबाईला विष्णुपत्नी ठरवणे कधी थांबणार? मूर्तीमागे सिंह, हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर नाग; यात विष्णूचे काय आहे? माझी आजी जन्मभर ‘अंबाबाई’ म्हणत आली. शेजारच्या एका गृहस्थांनी तिला भर देवळात ‘महालक्ष्मी म्हणा’ असे सुनावले, तो राग आजही घरात आहे.

शुक्रवारपेठ :
आपल्या घरच्या रागाने इतरांची श्रद्धा खोटी ठरत नाही. नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो, तो काय चुकीच्या पत्त्यावर येतो? आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या श्रीसूक्तानेच अभिषेक होतो.

टेंबलाईवाडी :
शालू येतो, हे मान्य. लेकीला, बहिणीलाही शालू पाठवतात. श्रीसूक्त आपण खुशाल म्हणा, पण आम्हाला सिंह दिसतो तो पुसू नका.

करवीरवाचक :
हा वाद शंभर धाग्यांतही मिटायचा नाही. माझ्या मूळ मुद्द्याला मात्र टेंबलाईच उपयोगी आहे. कोल्हासुराच्या वधानंतरच्या सोहळ्याचे आमंत्रण राहिले म्हणून त्र्यंबुली, म्हणजेच टेंबलाई, अंबाबाईवर रुसून टेकडीवर गेली. तिची समजूत काढायला ललितापंचमीला अंबाबाईची पालखी जाते, कोहळा फुटतो आणि त्याच्या फोडींसाठी अशी झोंबाझोंबी होते की अंगातला सदरा शाबूत राहत नाही. तिकडे ग्रीक कथेत लग्नाचे आमंत्रण चुकले म्हणून कलहाची देवी एरिस हिने सोन्याचे सफरचंद टाकले आणि पुढे ट्रॉयचे युद्ध पेटले. आता होमरच्या देशाने हा रुसवा टेंबलाईवरून उचलला म्हणायचे?

ब्रह्मपुरीकर :
आभारी आहे. पोसायडन तूर्त आपल्याला दिला, पण इकडे कोहळा आणि तिकडे सफरचंद, हा नवा पुरावा आपणच माझ्या हाती दिलात. त्यावर उद्या स्वतंत्र धागा काढतो.